सरकारी आरोग्य विम्याचा सल्ला देताना

परिचारिका म्हणून निवृत्त झाल्यानंतर मी आमच्या तालुक्याच्या गावातील ज्येष्ठ नागरिक संघात सरकारी आरोग्य योजनांची माहिती देण्यासाठी बसू लागले. तेथे येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "आमचं कार्ड निघेल का?" २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ७० वर्षे आणि त्यावरील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्नाची कोणतीही अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेचा विस्तार झाला आणि 'आयुष्मान वय वंदना कार्ड' हे नाव घरोघरी पोहोचले. तेव्हापासून हा प्रश्न आणखी वाढला. प्रश्न रास्त आहे. परंतु 'हो, निघेल' एवढे सांगून माणसाला परत पाठवले तर त्याच्या हाती फारसे काही लागत नाही, कारण कार्ड निघणे ही एक गोष्ट आहे आणि ज्या खर्चाची त्याला धास्ती वाटते तो खर्च त्या कार्डावर भागणे ही दुसरी.

म्हणून योजनेचे नाव काढण्यापूर्वी मी समोरच्या व्यक्तीला तिच्या आजारांबद्दल आणि महिन्याच्या खर्चाबद्दल विचारते. सध्या कोणती औषधे चालू आहेत, डॉक्टरांनी एखादी शस्त्रक्रिया सुचवली आहे का, नोकरीत असताना कोणत्या योजनेत नाव होते, रेशन कार्डावर आज नाव आहे का आणि आधार कार्डावरची जन्मतारीख बरोबर आहे का, एवढे समजले की पुढचा सल्ला बऱ्याच अंशी स्पष्ट होतो. लोकांना ही चौकशी सुरुवातीला लांबण लावल्यासारखी वाटते. पण बोलता बोलता असे आढळते की ज्या बाईंनी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी कार्ड हवे म्हणून सांगितले त्यांना खरा त्रास रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्यांच्या खर्चाचा आहे, आणि शस्त्रक्रिया तर त्यांना करूनच घ्यायची नाही.

या गोळ्यांचा विषय मी कधीही टाळत नाही. आयुष्मान योजना ही रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस यांतील तपासण्या व औषधे तिच्यात धरली जातात, परंतु बाह्यरुग्ण विभागातील नेहमीची तपासणी, दरमहा लागणारी औषधे, साखर मोजण्याच्या पट्ट्या, चष्मा किंवा घरी येणाऱ्या मदतनिसाचा पगार यांपैकी काहीही तिच्यातून मिळत नाही. वर्षाला ५ लाख रुपयांचे संरक्षण हे शब्द ऐकल्यावर अनेकांचा असा समज होतो की तेवढी रक्कम आपल्या नावावर जमा आहे आणि औषधाच्या दुकानात ती वापरता येईल. हा समज रुग्णालयाच्या काउंटरवर तुटण्यापेक्षा माझ्यासमोर तुटलेला बरा. त्यानंतर मी त्यांना जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि उपजिल्हा रुग्णालयाचा रस्ता दाखवते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क झालेले आहेत, आणि रक्तदाब व मधुमेहाची नेहमीची औषधे तेथे मिळतात. हा विमा नव्हे, परंतु ज्याला विम्यातून औषधे मिळणार नाहीत त्याला ही माहिती देणे मी विम्याच्या सल्ल्याचाच भाग मानते.

अशा चौकशीतून किती फरक पडतो हे मला एका निवृत्त कामगारामुळे नीट समजले. ते गृहस्थ एका कारखान्यात दीर्घकाळ नोकरी करून वयोमानानुसार निवृत्त झालेले होते, दोघेही पती-पत्नी मधुमेही होते आणि आयुष्मान कार्ड हातात आल्यावरही औषधांचा खर्च तसाच राहिल्याने ते निराश होऊन आले होते. नोकरीत असताना पगारातून काय काय कापले जात होते असे मी विचारले, तेव्हा त्यांनी 'ईएसआय', म्हणजे कर्मचारी राज्य विमा, असे उत्तर दिले आणि लगेच पुढे म्हटले, "पण ते नोकरीबरोबर संपलं ना, ताई." ते संपलेले नव्हते. किमान ५ वर्षे विमापात्र नोकरी करून वयोमानानुसार निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि पत्नीसाठी कर्मचारी राज्य विमा योजनेची वैद्यकीय सेवा चालू ठेवता येते, आणि या सेवेत दवाखान्यातून मिळणारी औषधे असतात. कामावर असताना अपघात होऊन कायमचे अपंगत्व आल्यामुळे ज्याची नोकरी गेली, त्यालाही निवृत्तीचे वय होईपर्यंत याच रकमेत ही सेवा मिळू शकते. आमच्या भागात कारखान्यात हात किंवा बोटे गमावलेले लोक आहेत, आणि त्यांपैकी फार थोड्यांना ही तरतूद माहीत होती.

त्या गृहस्थांचा विमा क्रमांक जुन्या पगारपत्रकावर सापडला. निवृत्तीचा दाखला मात्र नव्याने मिळवावा लागला, आणि कारखान्याचे व्यवस्थापन दरम्यान बदललेले असल्याने त्याला वेळ गेला. अर्ज मंजूर झाल्यावर त्यांची आणि त्यांच्या पत्नीची औषधे दवाखान्यातून मिळू लागली. आयुष्मान वय वंदना कार्ड त्यांच्याकडे राहिलेच, कारण कर्मचारी राज्य विमा योजनेच्या लाभार्थ्याला ते कार्ड घेण्यास मज्जाव नाही. एकीकडून औषधे आणि दुसरीकडून मोठ्या शस्त्रक्रियेचे संरक्षण अशी जोडणी त्यांच्या घरात झाली. ही जोडणी कोणत्याही जाहिरातीत लिहिलेली नसते. ती माणसाची नोकरी, आजार आणि राहण्याचे ठिकाण पाहून बसवावी लागते.

केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांच्या बाबतीत मात्र नियम उलटा आहे, आणि तेथे घाई फार महागात पडू शकते. केंद्रीय सरकारी आरोग्य योजना म्हणजे सीजीएचएस, माजी सैनिकांची ईसीएचएस किंवा केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची आयुष्मान सीएपीएफ यांपैकी कशातही नाव असलेल्या ज्येष्ठाला आपली आधीची योजना किंवा वय वंदना यांतील एकाचीच निवड करावी लागते, आणि ही निवड करण्याची संधी एकदाच मिळते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ शेजाऱ्यांनी कार्ड काढले म्हणून आपणही काढावे या विचाराने आले होते. त्यांच्याकडे सीजीएचएसचे कार्ड होते, परंतु आमच्या गावात त्या योजनेचे आरोग्य केंद्र नसल्यामुळे त्यांना ते निरुपयोगी वाटत होते. प्रत्यक्षात वर्षातला बराच काळ ते पुण्यात मुलीकडे राहत होते, तेथील केंद्रातून त्यांची औषधे घेणे शक्य होते आणि पत्नीचे वय ७० पेक्षा कमी असल्याने त्या वय वंदनेत येणार नव्हत्या, तर सीजीएचएसमध्ये त्या आधीपासूनच होत्या. मी त्यांना कागदावर दोन्ही बाजू लिहून दिल्या आणि मुलीशी बोलून मगच ठरवण्यास सांगितले. त्यांनी आधीची योजना ठेवली. निर्णय त्यांचाच होता, आणि तो तसाच असावा लागतो. जो माणूस बिछान्यावर पडणार आहे त्याच्या वतीने निवड करण्याचा अधिकार माहिती सांगणाऱ्याला नाही, असे मी मनाशी पक्के ठरवलेले आहे.

खासगी विम्याबद्दलही असाच प्रश्न वरचेवर येतो. हप्ता परवडत नाही, आता सरकारी कार्ड मिळाले, तर पॉलिसी बंद करावी का? वय वंदना कार्डासाठी खासगी पॉलिसी सोडावी लागत नाही, हे मी प्रथम स्पष्ट करते. मग हेही सांगते की आयुष्मान योजनेत जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, परंतु खासगी पॉलिसी एकदा खंडित झाली आणि पुन्हा नवी घ्यायची वेळ आली तर जुन्या आजारांसाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावे लागू शकते. एप्रिल २०२४ पासून आरोग्य विमा घेण्यासाठीची ६५ वर्षांची वयोमर्यादा निघाली आहे, तरी त्या वयात नवा हप्ता किती येईल याची चौकशी केल्याशिवाय हातातली पॉलिसी सोडू नये. ज्या रुग्णालयात आपले नेहमीचे डॉक्टर आहेत ते सरकारी योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेच्या यादीत आहे का, हे पाहणेही तितकेच आवश्यक असते. ज्यांना हप्ता खरोखरच झेपत नाही, आणि जवळची चांगली रुग्णालये योजनेत आहेत, अशांनी पॉलिसी थांबवली तर त्यात गैर काही नाही.

कार्ड काढण्याची प्रक्रिया स्वतः अवघड नाही आणि त्यासाठी शुल्कही नाही, परंतु म्हातारी बोटे यंत्राला ओळखू येत नाहीत. आयुष्यभर शेतात किंवा धुण्याभांड्यांत झिजलेल्या बोटांचे ठसे उमटत नाहीत, मोबाइल क्रमांक आधारशी जोडलेला नसतो आणि बाईंना वाटते की आपल्यातच काही कमी आहे. अशा वेळी डोळ्याच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय असते, ती वापरण्याचा आग्रह आम्ही केंद्रचालकाकडे धरतो. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीसाठी आधारची नोंदणी घरी येऊन करण्याची सेवा ७०० रुपयांत मिळते. वयाची खात्री आधारवरूनच होत असल्यामुळे, प्रत्यक्षात पंचाहत्तरी गाठलेली पण आधारवर अडुसष्ट वर्षांची दिसणारी माणसे अडकून पडतात, आणि त्यांची जन्मतारीख दुरुस्त करून घेणे हे सर्वांत वेळखाऊ काम ठरते. तोपर्यंत त्यांना उघड्यावर सोडायचे का? नाही. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत वयाची अट नाही.

या राज्य योजनेबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ७० वर्षांखालील दिव्यांग व्यक्तींसाठी तीच मुख्य आधार आहे. २०१२ साली ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली, पुढे राज्यभर पसरली आणि २०१७ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. पूर्वी पिवळ्या आणि केशरी रेशन कार्डधारकांना दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळत. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ही मर्यादा प्रति कुटुंब ५ लाख रुपये झाली आणि पांढऱ्या कार्डधारकांसह राज्यातील सर्व कुटुंबे तिच्यात आली. जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. अजूनही केशरी कार्ड नाही म्हणून आपल्याला काही मिळणार नाही असे मानणारे शिक्षक, कारकून आणि छोटे दुकानदार माझ्याकडे येतात.

पोलिओमुळे दोन्ही पाय अधू झालेले एक मध्यमवयीन गृहस्थ आपले दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, म्हणजे युडीआयडी कार्ड, घेऊन एका रुग्णालयात गेले होते आणि त्यावर उपचार होत नाहीत असे समजल्यावर अपमानित होऊन परतले होते. या कार्डावर अनेक सवलती मिळतात, परंतु ते विम्याचे कार्ड नाही, हे त्यांना कोणीही आधी सांगितलेले नव्हते. कोणीतरी त्यांना 'निरामय' योजनेचा अर्जही भरायला लावला होता. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेची ही विमा योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठीच आहे, पोलिओमुळे आलेल्या दिव्यांगत्वाला ती लागू होत नाही. त्यांच्याकडे पांढरे रेशन कार्ड होते, त्यावर त्यांचे नाव होते, आणि त्यांना हवा असलेला उपचार फुले योजनेच्या यादीत होता. त्या दिवशी मी आणखी एक गोष्ट पाहिली. त्यांच्यासोबत त्यांचा पुतण्या आला होता आणि आमचे दुसरे स्वयंसेवक सगळे प्रश्न त्या पुतण्यालाच विचारत होते. चाळिशी उलटलेला, स्वतःचे दुरुस्तीचे दुकान चालवणारा माणूस समोर बसलेला असताना त्याच्या आजाराची चौकशी दुसऱ्याकडे करणे मला अयोग्य वाटले. तेव्हापासून आमच्याकडे प्रश्न त्या व्यक्तीलाच विचारायचा, उत्तराला वेळ लागला तर थांबायचे आणि नातेवाइकाचे म्हणणे नंतर ऐकायचे, असा नियम आहे.

त्या गृहस्थांना कागदपत्रे सोपवताना मी दोन सूचना लिहून दिल्या होत्या. नियोजित उपचारासाठी जाताना प्रथम योजनेच्या मदतकक्षात बसलेल्या आरोग्यमित्राला भेटावे आणि पूर्वपरवानगी मिळाल्याशिवाय पैसे भरू नयेत. तातडीच्या प्रसंगी दूरध्वनीवरून परवानगी घेऊन उपचार सुरू करता येतात. एवढे सांगूनही त्या रुग्णालयात दाखल झाल्यावर त्यांच्याकडे अनामत रक्कम मागितली गेली. त्यांनी तेथूनच १५५३८८ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, आरोग्यमित्र वॉर्डात आला आणि मागणी मागे घेण्यात आली. घरी परतल्यावर तक्रार करण्यापेक्षा दाखल असतानाच फोन केलेला अधिक उपयोगी पडतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. आयुष्मान योजनेसाठी १४५५५ हा क्रमांक आहे. हे दोन्ही क्रमांक आम्ही मोठ्या अक्षरांत छापून देतो, म्हणजे चष्मा नसताना वाचता येतात.

दिव्यांग प्रौढांच्या बाबतीत मला सर्वाधिक अस्वस्थ करणारी अडचण वेगळीच आहे. या योजना कुटुंब हे एकक धरतात आणि कुटुंब ओळखतात रेशन कार्डावरून. घरातली लग्न न झालेली, बौद्धिक दिव्यांगत्व असलेली बहीण किंवा मामा घरात जेवतो-झोपतो, पण कार्डावर त्याचे नाव असेलच असे नाही. आई-वडील हयात असताना त्यांच्या कार्डावर असलेले नाव त्यांच्या पश्चात कोणाच्या कार्डावर गेले याकडे कोणाचे लक्ष नसते, आणि हे लक्षात येते ते रुग्णालयाच्या दारात.

अशाच एका पन्नाशीच्या बाईंच्या भावाने माझी भेट घेतली होती. आई गेल्यानंतर त्याने बहिणीला आपल्या घरी आणले होते आणि तिची देखभाल तो व त्याची पत्नी मनापासून करत होते. तिला पित्ताशयातील खड्यांसाठी शस्त्रक्रिया सुचवली होती. तिचे नाव गावाकडच्या, आईच्या नावे असलेल्या जुन्या कार्डावर राहिले होते आणि ते कार्ड आता वापरात नव्हते. आम्ही प्रथम त्या तालुक्याच्या पुरवठा शाखेतून नाव कमी केल्याचा दाखला मिळवला, मग भावाच्या कार्डावर नाव चढवण्याचा अर्ज केला. 'बहीण' हे नाते वाचून कर्मचाऱ्याने तिच्या विवाहाची कागदपत्रे मागितली आणि ती अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागले. दुखणे थांबून थांबून उठत होते, म्हणून वाट पाहणे घरच्यांना कठीण जात होते. दरम्यान त्रास बळावला तर जिल्हा रुग्णालयात न्यायचे, तेथे पैशांअभावी उपचार अडणार नाहीत, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवले होते. नाव चढले आणि शस्त्रक्रिया फुले योजनेतून पार पडली.

त्यानंतर आम्ही तिच्यासाठी निरामयचा अर्ज राष्ट्रीय न्यासाकडे नोंदणी असलेल्या एका संस्थेमार्फत भरला. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या या विम्यात बाह्यरुग्ण तपासणी, औषधे आणि थेरपी यांचाही खर्च ठराविक मर्यादेत मिळतो आणि त्यासाठी आधी वैद्यकीय चाचणी करावी लागत नाही. अशा व्यक्तींसाठी ही मोठीच सोय आहे. मात्र पैसे आधी स्वतः भरून नंतर मूळ बिलांवर परत मागावे लागतात, त्यामुळे हातावर पोट असलेल्या घरांना तिचा उपयोग करून घेणे जड जाते. ही रक्कम बँकेत येण्यासाठी खाते कोणाच्या नावे असावे हा प्रश्न निघाला, तेव्हा पालकत्वाचा विषय पुढे आला. १८ वर्षांनंतर अशा व्यक्तीचे कायदेशीर पालकत्व आपोआप कोणाकडे राहत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ अन्वये जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. भावाने तो केला. समितीपुढे बहिणीलाही नेण्यात आले आणि तिला कोणाजवळ राहायला आवडते हे तिला विचारण्यात आले, याचे मला विशेष समाधान वाटले.

निरामयचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते आणि ते चुकले तर संरक्षण थांबते, म्हणून आम्ही अशा सर्व घरांची नावे एका वहीत ठेवून फेब्रुवारीतच त्यांना फोन करतो. सध्या आमचे काही सदस्य आशाताईंच्या मदतीने प्रत्येक वाडीतील दिव्यांग प्रौढांची नावे रेशन कार्डांशी पडताळून पाहत आहेत. ज्यांचे नाव कोठेच नाही त्यांचे अर्ज आजार होण्यापूर्वी पुरवठा शाखेत पोहोचवायचे, असे ठरले आहे, आणि अविवाहित बहिणींसाठीच्या प्रतिज्ञापत्राचा नमुना आम्ही आधीच तयार करून ठेवला आहे.